जावयासाठी जिताडा

जावयाने माझ्यासाठी घडीची खुर्ची विकत आणली होती. हिरव्या रंगाची, हाताशी कप ठेवायला जाळीचा खिसा असलेली. एसेक्सच्या खाडीवर जायचं म्हटलं की आधी ती खुर्ची गाडीत पडायची, मग त्याचे मासे धरायचे रॉड, मग फ्लास्क. आणि त्या सबंध उन्हाळ्यात मी त्या खुर्चीवर किती बसले म्हणाल, तर एक कप चहा संपेपर्यंतसुद्धा नाही. कप खुर्चीच्या खिशात आणि मी चिखलाच्या कडेला. चहा निवून जायचा. तो गार चहा ओतून टाकायचा आणि परत गरम भरून ठेवायचा.

मला बसवायचंच नाही. बसायला मन थाऱ्यावर लागतं, आणि माझं मन एका माशापायी उडालं होतं.

आधी घरचं सांगते, म्हणजे कोण कुठलं ते कळेल. आम्ही अलिबागकडचे, खारेपाटातले. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेलं, आत भातशेती आणि घराशेजारी तळं. त्या तळ्यात पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं आणून सोडायची. ती वाढून हातभर होतात. रोज खायचा मासा नव्हे तो. तो राखून ठेवायचा, आणि कोणासाठी, तर जावयासाठी. लेकीचं लग्न झालं, जावई पहिल्यांदा जेवायला आला, की सासऱ्याने स्वतः तळ्यात उतरून जिताडा काढायचा. त्याचं कालवण करायचं आणि डोकं जावयाच्या पानात वाढायचं. डोकं म्हणजे मान. लग्नाला भटजी उशिरा आला तर एकवेळ चालेल, पण जिताडा खाल्ल्याशिवाय आमच्याकडे जावई घरचा होत नाही.

माझ्या लेकीचं हे दुसरं लग्न. पहिल्या जावयाला आमच्या ह्यांनी छातीएवढ्या पाण्यात उतरून जिताडा काढून घातला होता, आळीने येऊन बघावा असा. ते लग्न टिकलं नाही. त्यात जिताड्याचा काही दोष नव्हता. पुढे हे गेले, आणि ह्यांच्यामागे तळंही गेलं. दिरांनी भराव टाकून प्लॉट पाडले. मग लेकीने इकडे इंग्लंडात हा शोधला. एसेक्सचा, उंच, गोरा, शाळेत गणित शिकवणारा. कौन्सिलच्या ऑफिसात लग्न लागलं ते मी अलिबागला बसून फोनवर बघितलं. मध्येच चित्र थांबलं, आणि परत हललं तेव्हा लग्न झालेलं होतं.

त्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या लंडनच्या टोकाला, पिनरच्या घरी राहायला आले होते. सहा महिन्यांचा व्हिसा, सप्टेंबरचं परतीचं तिकीट. माणूस वाईट नव्हता, ते मला आल्या आल्या दिसलं. भांडी घासायचा. लेक ऑफिसातून दमून यायची तर तिच्या डब्याचा वास घेऊन नाक मुरडायचा, तिला हसवायचा आणि मग डबा धुवायचा. मला ‘आई’ म्हणायचा. मी त्याला तोंडाने जावईबापू म्हणायचे, अहोजाहो करायचे, पण ते सगळं रीतीचं. मनात तो ‘लेकीचा नवरा’ होता. आतून काही हलत नव्हतं. आणि त्याचं कारण मला एकच दिसत होतं. ह्याच्या पोटात आमचा जिताडा गेलेला नाही.

त्यात माझा धाकटा भाऊ. दर रविवारी त्याचा फोन.

“काय ताई, घातलास का जावयाला जिताडा?”

“इथे कुठला जिताडा?”

“मग हिवाळ्यात घेऊन ये दोघांना. माझ्या तळ्यातला काढतो. एक चांगला दांडगा ठेवलाय.”

“तुझ्या तळ्यातला म्हणजे मामाच्या घरचा झाला. सासऱ्याचा कुठे?”

“आता सासरा कुठून आणू मी?”

“सासू आहे की.”

तो हसला. “सासू काय तळ्यात उतरणार, या वयात?”

त्या हसण्याने माझी झोप गेली. हिवाळा लांब होता. मला हिवाळ्यापर्यंत दम नव्हता. हा माणूस जावई आहे की नाही हे डोक्यात अधांतरी ठेवून मी विमानात बसणार नव्हते.

लेक म्हणाली, “आई, एवढं काय, सुपरमार्केटमध्ये सी बास मिळतो. जिताड्यासारखाच असतो.” आणि घेऊन आली. प्लॅस्टिकमध्ये दोन, एकाच मापाचे, जुळे असल्यासारखे. कुठल्यातरी परदेशात पिंजऱ्यात वाढलेले. मी ते तळले. त्या दिवशी तो बाहेरच खाऊन आला होता. मी एक तुकडी तोंडात घातली आणि म्हटलं, जिताड्याचा चुलतभाऊ आहे खरा, पण हा चालायचा नाही. हाताने काढलेला पाहिजे.

“तू कुठून काढणार हाताने?” लेकीने विचारलं.

तेव्हा तो मध्ये पडला. काय चाललंय ते त्याने लेकीला विचारलं, तिने इंग्रजीत सगळं सांगितलं. तळं, सासरा, डोकं, मान, सगळं. गणित ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं. मग मला म्हणाला, “आई, मी फिशिंग करतो. डॅड शिकवला. तुम्ही चला.”

मागच्या बागेतल्या शेडच्या कोपऱ्यात ज्या लांब काठ्या उभ्या होत्या त्या मी इतके दिवस पडद्याच्या समजत होते.

जुलैअखेर त्याच्या शाळेला सुट्टी लागली आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पिनरहून मोटरवेने जायचं, मग लहान रस्ते, मग शेतं, आणि शेतांच्या टोकाला एक गवताळ बांध. पहिल्या दिवशी मी त्या बांधावर चढले आणि उभीच राहिले. एका अंगाला गहू, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये तो बांध, आणि बांधाच्या पोटातून पाणी सोडायची उघाडीसुद्धा, आमच्याकडे असते तशीच, फक्त लोखंडाची. समोर ओहोटीचा चिखल चमकत होता, त्यात वळत गेलेले ओहोळ, काठाला जांभळ्या फुलांची झुडपं. बगळेही होते. मी खाली उतरून एक मांसल हिरवं पान तोडून तोंडात टाकलं. खारट. आमच्या मोरसाच्या भाजीची बहीण. तो “आई, वेट, वेट” करत धावत आला. मी कुठलंतरी झुडूप खातेय म्हणून घाबरला असणार. मग बघितलं आणि त्यानेही एक पान तोडून खाल्लं.

गरवणं मला नवीन नव्हतं. लहानपणी मी बांधावर बसून सुतळीला गरी लावून कितीतरी काढलेले. पण रॉड आणि रीळ हे प्रकरण वेगळं. बोट कुठे धरायचं, दोरी कधी सोडायची, सगळं त्याने हाताने दाखवलं. पहिल्या दिवशी माझा गळ मागच्या गवतात, दुसऱ्या खेपेला त्याच्या टोपीत. चिखलातले लालसर किडे आमिषाला लावायचे. ते मी बिनदिक्कत लावायचे, आणि तो ते चिमटीत धरताना मान तिरकी करायचा.

“शाळेत पोरांना दाखवू नका असं,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. लावा.”

मिळायचे, नाही असं नाही. पण बोटभर, वीतभर. तो एक पट्टी घेऊन यायचा. मासा पट्टीवर ठेवायचा, ठरलेल्या मापाच्या खाली असला तर परत पाण्यात. कायदा आहे तसा, आणि बरोबरच आहे, पिल्लं कोण खातं. पण प्रत्येक खेपेला तो म्हणायचा, “बाळ आहे, आई. बाय बाय.” आणि मी तोवर पुढचा किडा लावायला घ्यायचे. चिंबोऱ्या नांग्यांनी आमिष तोडून खाऊन जायच्या. पाणी चढायचं, उतरायचं. मी काठाने येरझारा घालायचे. इथे टाका, नको तिथे टाका, त्या वळणावर चला, उघाडीपाशी चला. तो माझ्यामागून खुर्ची घेऊन फिरायचा. खुर्ची उघडायची, ठेवायची, मी निघाले की मिटायची. दुपारी तो त्याचं चीज सँडविच खायचा आणि मी उभ्याउभ्या पोळीची गुंडाळी.

ऑगस्टात एक दिवस त्याच्या स्वतःच्या रॉडला मोठा लागला. रॉड वाकला, रीळ किरकिरलं. रबरी मासा लावून तो बास धरायचा, त्यालाच लागला. काठाशी आणला तर काय सांगू. चांदीसारखा, पाठीवरचे काटे ताठ उभे, हातभर सहज. जिताड्याचा डोळा माणकासारखा असतो, ह्याचा तसा नव्हता, बाकी सगळं घरचं. मी पिशवी उघडून धरली. त्याने मासा मोजला. मापात बसला, वर चार बोटं जास्तच. आणि मग ह्याने काय करावं, तर दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत थांबला आणि सोडून दिला.

मी पिशवी धरून तशीच उभी.

“अहो, हा तर मापाचा होता.”

त्याने हात धुतले. मग हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत म्हणाला, की हा तुमचा नव्हता. तुम्ही काढायचा आहे ना.

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, “तुझा नवरा हातातला मासा सोडतो. आमच्याकडे असा माणूस बघायला लोक तिकीट काढून येतील.”

“त्याला तुझी रीत समजली म्हणून तुला राग आलाय,” ती म्हणाली.

खरं होतं. पण तिकीट जवळ येत होतं, आणि मी आता स्वयंपाकघरातही धड उभी राहात नव्हते. दूध उतू जायचं. रस्त्यावरच्या झाडांची पानं हलली की मी म्हणायचे, वारा कुठला आहे.

शेवटी एक दिवस मी माझं शास्त्र काढलं. वडिलांनी शिकवलेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लेकीच्या फ्रिजवर मी आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. पौर्णिमेनंतरची प्रतिपदा. एकची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता भरती, उधाणाची. तो फोन पुढे करून म्हणाला, “आई, इथे पावणेदोन आहे.”

“तुमचा फोन लंडनचा असेल. चंद्र काय फोन बघून चालतो?”

त्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. “ओके, आई. पाऊण.”

आता मला सांगा, कुठला आपला जावई सासूला एवढ्यावर सोडेल? त्याने चार दाखले काढले असते. ह्याने डबा भरला.

त्या खाडीत बांधाच्या बाहेर एक उंचवटा आहे. जुन्या काळी तिथेही बांध होता, त्याला खांड गेली, म्हणजे तो फुटला, आणि एक तुकडा तेवढा उरला, गवताने भरलेला. ओहोटीला मधला ओहोळ ओलांडून तिथे चालत जाता येतं. भरती लागली की ओहोळ भरतो. मी म्हटलं, तिथे जाऊ, पाऊणपर्यंत गरवू, पाणी उतरायला लागलं की परत. तो म्हणाला, चला. बूट चिखलात रुतत होते, त्याने एका हातात खुर्ची धरली आणि दुसऱ्या हाताने माझं कोपर.

पाऊण वाजला. मी पाण्यात एक काटकी खोचून ठेवली होती. पाणी काटकीच्या वर गेलं. मी म्हटलं, थांबेल आता. नाही थांबलं. आमच्यामागचा ओहोळ भरला, मग जांभळी फुलं पाण्यात गेली, मग ज्या वाटेने आलो ती वाट कुठे होती हेच कळेना. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये आम्ही दोघं, सासू आणि गणिताचा मास्तर, आणि हिरवी खुर्ची.

मी काठापासून दोन पावलं मागे आले. “अहो, चढतंय. अजून चढतंय.”

“येस, आई.”

“येस काय? बुडू आपण. तुम्हाला पोहता येतं, मला कोण काढणार?”

त्याने फ्लास्क उघडला. अगदी शांतपणे चहा ओतला आणि मला इंग्रजीत समजावलं. या उंचवट्यावर पाणी कधीच चढत नाही. त्याचे वडील भरती लागली की त्याला घेऊन मुद्दाम इथेच अडकून राहायचे, घरी लवकर जायला नको म्हणून. आणि तुमचा हिशेब बरोबर आहे, आई, फक्त आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं.

“म्हणजे चंद्र खरा आणि घड्याळ खोटं.”

“हो,” तो म्हणाला. “समर टाईम.”

“मग सकाळीच का नाही सांगितलंत?”

त्याने कप माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “तुम्ही आई.”

मी त्याला काही बोलणार होते, पण पाण्याकडे लक्ष गेलं. बुडालेल्या झुडपांच्या कडेने पाण्याला एक घडी पडली आणि सरळ झाली. वारा नव्हता. मी रॉड उचलला. नवं आमिष लावलं, किडा दोनदा पडला. त्या घडीच्या पुढे दोन हात टाकला. थांबले. काठावर फिरायलाही जागा नव्हती, त्यामुळे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी एका जागी उभी होते.

एक टिचकी आली. चिंबोरी असेल म्हटलं. मग दुसरी, आणि मग दोरी सरळ समुद्राकडे निघाली. मी ओढलं. पलीकडून कोणीतरी मला ओढलं. रॉड माझ्या पोटात रुतला. तो माझ्या बाजूला आला, दांड्याची जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला, पण माझ्या रॉडला त्याने हात लावला नाही. मी दोनदा म्हटलं, “धरा, धरा हो, सुटतोय.” त्याने नाही धरला. “सोडा थोडा, आई. आता ओढा. सोडा.” एवढंच. मासा झुडपात शिरला, बाहेर आला, पांढरं पोट दिसलं, परत गेला. माझे दंड भरून आले. आणि मग एकदम तो जाळीत होता.

त्याने पट्टीवर ठेवला. मी बघितलं नाही, आकाशाकडे बघत उभी राहिले. “आई,” तो म्हणाला, “बाळ नाही.”

मासा मारायचा असतो पटकन, तडफडत ठेवायचा नाही. त्याने मला लाकडाचा छोटा सोटा दिला आणि पाठ फिरवली. मी एका फटक्यात काम केलं. वळून बघते तर त्याचा चेहरा पांढरा. ऊन लागलं असेल म्हणून मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं आणि जबरदस्तीने त्या खुर्चीवर बसवलं. ओहोटी लागून वाट उघडी पडेपर्यंत तो खुर्चीत होता आणि मी मासा मांडीवर घेऊन गवतात. मी अखंड बोलत होते. आमचं तळं, हे, छातीएवढं पाणी, सगळं. त्याला किती कळलं देव जाणे. मान हलवत होता.

घरी पोचलो तर लेक आलेली. मी पदर खोचला, खवले काढले, तुकड्या केल्या, डोकं अख्खं ठेवलं. लसूण ठेचली. घरून आणलेल्या मसाल्याची पुडी मी या दिवसासाठीच राखली होती. चिंच कोळत होते, तेव्हा लेक आत आली आणि दार लोटून घेतलं.

“आई, एक सांगू? तू आधी गॅस बारीक कर.”

“सांग की.”

“तो मासे खात नाही.”

मी चिंचेचा हात धुतला.

“लहान असताना घशात काटा अडकला होता. हॉस्पिटलात न्यावं लागलं. तेव्हापासून नुसता वास आला तरी त्याला घाबरायला होतं. पकडतो आणि सोडतो, बस. कधी तोंडात घातला नाही.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“त्यानेच सांगू नको म्हटलं. म्हणाला, आई काढतील तेव्हा मी खाईन.” ती ओट्याला टेकली. “आणि खरं सांगू का, मलाही भीती वाटली. मासे न खाणारा म्हटल्यावर तू त्याला माणसात तरी धरलं असतंस का?”

नसतं धरलं. कालवण उकळत होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी नाचले ते माझ्यासमोर पातेल्यात होतं, आणि ते कोणाला वाढायचं तेच कळेना. मी ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. त्याला वाढू नये, तर रीत राहिली, आणि मी जशी आले तशी सप्टेंबरात परत. वाढावं, तर तो खाईल. तेच तर वाईट होतं, तो खाईलच. पावणेदोनला पाऊण म्हणणारा माणूस.

“आई, वाढा,” बाहेरून त्याचा आवाज आला. तो टेबलाशी बसला होता. केस ओले करून विंचरलेले, धुतलेला शर्ट. परीक्षेला बसल्यासारखा. बाहेर अजून उजेड होता.

मी ताट केलं. भाकरी, भात, कालवण. आणि वाढलं डोकं. हात थांबत होता, तरी वाढलं. इतकी वर्षं अंगात मुरलेलं असं कसं सुटेल. डोकं ताटात त्याच्याकडे तोंड करून बसलं.

त्याने लेकीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसला. हसला म्हणजे ओठ ताणले. उजवा हात पुढे केला, चमचा नाही, हात, लेकीने शिकवल्याप्रमाणे. बोटांनी गालाचं मांस सोडवायला लागला. तिथे बारीक काटे असतात. एवढासा तुकडा काढायला त्याला किती वेळ लागत होता. कपाळावर घाम. लेक खाली बघत होती.

आमच्याकडे सासू जावयाच्या ताटाला हात लावत नाही. त्याच्या पानातलं उष्टं उचलून खाणं तर कोणी ऐकलंही नसेल. उष्टं खायचं ते आपल्या पोरांचं. लेक लहान होती तेव्हा तिच्या ताटातला काट्याचा भाग मीच उचलायचे, तिला मऊ भात कालवून द्यायचे.

तुकडा त्याच्या तोंडापर्यंत गेला होता.

“ठेव तो,” मी म्हटलं. “ठेव खाली.”

मी त्याच्या ताटातलं डोकं उचललं आणि माझ्या ताटात घेतलं. त्याच्या बोटातला तुकडाही काढून घेतला. त्याचं ताट पुसून परत भात वाढला, पातेल्याच्या कडेचा नितळ रस्सा गाळणीतून गाळून त्यावर घातला, आणि कालवून दिला. “हे खा. ह्यात काटा नाही. मी बघितलंय.”

मग त्याने घास घेतला. चावला. गिळला. थांबला, जणू आत कुठे काही टोचतंय का ते बघत होता. मग दुसरा घास घेतला.

मी डोकं खायला बसले. सावकाश, एकेक हाड चोखून. जन्मात मी कधी जिताड्याचं डोकं खाल्लं नव्हतं. ते नेहमी दुसऱ्या कोणासाठी असायचं. काय चव असते म्हणून सांगू. लेक हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली. तो म्हणाला, “आई, अजून रस्सा?” आणि ताट पुढे केलं.

रविवारी भावाचा फोन आला.

“काय ताई, जिताडा?”

“काढला. माझ्या हाताने. चारी बाजूंनी पाणी होतं.”

“काय सांगतेस. आणि डोकं? जावयाने खाल्लं डोकं?”

“मी खाल्लं.”

“तू?”

“त्याच्या ताटातलं उचलून.”

मग तो म्हणाला, “ताई, तिकडचं पाणी तुला लागलं नाही ना? बरं ते जाऊ दे. हिवाळ्यात आणतेस ना त्यांना? माझा दांडगा आहे अजून तळ्यात. मी काढून ठेवतो.”

“काढू नको. त्याला बांधावर बसून गरवायला दे. एक खुर्ची ठेव फक्त. तो धरेल आणि सोडून देईल.”

“सोडून देईल? हाताला लागलेला जिताडा?”

“हो,” मी म्हटलं. “आमच्याकडे तशी रीत आहे.”